पासवर्ड कुणाच्या वहीत आहे?

आपल्याकडच्या कुठल्याही अनुदानित महाविद्यालयात जा. तिथे ग्रंथालय परिचर असतो, प्रयोगशाळा परिचर असतो, शिपाईमामा असतात. जागा भरलेली असो वा वर्षानुवर्षे रिकामी, कागदावर ती असते. संगणक बिघडला तर वार्षिक कराराचा एएमसीवाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येऊन बघतो. पण संगणक धडधाकट चालू आहे आणि त्याच्यापुढे बसलेला माणूस अडला आहे, अशा वेळी हाक कुणाला मारायची? त्याची जागा कागदावरही सापडत नाही.

आणि माणूस रोज अडतो. पगारबिल सेवार्थमध्ये भरायचे असते, एआयएसएचईची माहिती दरवर्षी द्यायची असते, नॅकचा स्वयंमूल्यमापन अहवाल २०१७पासून ऑनलाइन झाला आहे, विद्यापीठाचे अंतर्गत गुण वेगळ्या पोर्टलवर, शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर. प्रत्येकाचा लॉगिन वेगळा, पासवर्डचे नियम वेगळे, फोटो किती केबीचा हवा तेही वेगळे. वीस वर्षे उत्तम शिकवणारा प्राध्यापक पीडीएफ लहान करता येत नाही म्हणून दुपारभर बसून राहतो. मग तो उठतो आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या कुणा तरुणाला म्हणतो, “जरा बघता का?”

हा ‘जरा बघता का’वाला कोण असतो ते सांगतो. बहुतेक वेळा तो तासिका तत्त्वावर संगणकशास्त्र शिकवणारा असतो. त्याला पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासांचे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये नॅकच्या फायली चढवत घालवलेल्या रात्रींचे नाही. नाहीतर तो कंत्राटी ऑपरेटर असतो, दर अकरा महिन्यांनी नवे पत्र घेणारा. कुठे कुठे ग्रंथालयातला एखादा हुशार लिपिक असतो, ज्याने हौसेने दोन गोष्टी शिकून घेतल्या आणि त्या हौसेची शिक्षा म्हणून आता सगळे त्याच्याच टेबलाशी येतात. असा माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही. कंत्राटवाल्याला पुढचे पत्र हवे असते, तासिकावाल्याला पुढच्या वर्षीचे तास हवे असतात.

त्याच्याकडे एक वही असते. तीत कॉलेजचे सगळे पासवर्ड असतात. प्राचार्यांचा, कार्यालय अधीक्षकांचा, परीक्षा विभागाचा, शिष्यवृत्तीच्या पडताळणीचा. म्हणजे ज्याच्या सहीला कॉलेजात किंमत नाही, त्याच्या बोटाने प्राचार्यांची डिजिटल मंजुरी दिली जाते. काही गडबड झाली तर जबाबदार कोण? कायद्याने प्राचार्य, पण प्रत्यक्षात घरी पाठवला जातो तो वहीवाला. आणि तो स्वतःहून दुसरीकडे गेला, तर वही त्याच्याबरोबर जाते. मला माहीत असलेल्या एका कॉलेजात निवृत्त झालेल्या प्राचार्यांच्या मोबाइलवर ओटीपी जात राहिला. फॉर्मचा शेवटचा दिवस आला की त्यांना फोन जायचा. सर गावी शेतात असले तर रेंज येईपर्यंत सगळे कार्यालय हातावर हात धरून बसायचे.

यावर ठरलेले उत्तर तयार असते: प्रशिक्षण द्या. एक दिवसाची कार्यशाळा होते. मागे फ्लेक्स, पुढे पुष्पगुच्छ, शेवटी प्रमाणपत्र. वक्ता दीडशे स्लाइड दाखवतो. तीन महिन्यांनी खरेच ते काम करायची वेळ येते तेव्हा पोर्टलचे पानच बदललेले असते. संगणकाचे शिक्षण असे साठवून ठेवता येत नाही. माणूस अडतो त्या घटकेला शेजारी बसून कुणी दाखवले तर ते हाताला लागते. बाकी सगळे नॅकच्या फायलीत लावायला उपयोगी.

मदतीची व्यवस्था नसताना मोठे काम संगणकावर टाकले की काय होते, ते मुंबई विद्यापीठाने २०१७ साली सगळ्या देशाला दाखवले. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी त्या पडद्यावर तपासायच्या, असे परीक्षांच्या तोंडावर ठरले. प्राध्यापकांना लॉगिन होत नव्हते, पाने उघडत नव्हती, पुरवण्या सापडत नव्हत्या. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही टळली. पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणारी मुले ताटकळली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. त्या वेळी सगळी चर्चा कंत्राट, घाई आणि सॉफ्टवेअर यांवर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण तपासणी केंद्रावर पन्नाशीच्या प्राध्यापकाचा हात माउसवर अडला तेव्हा त्याच्या शेजारी कोण होते, हे फार थोड्यांनी विचारले. हजारो शिक्षकांकडून नवे काम करून घ्यायचे, तर केंद्राकेंद्रावर मदतीला माणसे लागणार, हा हिशेब आधी मांडायला हवा होता.

आता आपल्या घरातली गोष्ट. नावांची.

शेख हे आडनाव घ्या. इंग्रजीत लिहिताना ‘एसएच’नंतर कुणी ‘एआय’ लावतो, कुणी ‘ईआय’, कुणी नुसता ‘ई’. सय्यदची तर चार-पाच रूपे मी एकाच वर्गाच्या हजेरीपटावर पाहिली आहेत. मोहम्मद कुठे पूर्ण असतो, कुठे त्याचा ‘मोहद.’ होतो, कुठे नुसते ‘एमडी’ उरते. आयेशा ‘ए वाय’ने लिहायची की ‘ए आय’ने, हे शाळेत नाव घालताना समोर बसलेल्या बाईंनी ठरवलेले असते. त्यातून आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. काहींच्या आधारवर वडिलांचे नावच नाही. पोर्टलवर तीन चौकोन असतात, पहिले नाव, मधले नाव, आडनाव, आणि त्या तिन्हीत नेमके काय भरायचे यावर बापलेकीत वाद होतो. हा त्रास काही आपल्यालाच आहे असे नाही. विदर्भातल्या जाधवांच्या आडनावाच्या शेवटी इंग्रजी ‘ओ’ येतो, पुण्यातल्यांच्या ‘व्ही’. पण उर्दू-अरबी नाव, ते मराठी शाळेत देवनागरीत लिहिले गेले, तिथून इंग्रजीत आले, म्हणजे वाटेत घसरायच्या जागा आपल्याला जास्त.

पूर्वी हेडक्लार्क दोन्ही कागद बघून म्हणायचा, “एकच आहे की हो,” आणि शिक्का मारायचा. संगणकाला तो ‘एकच आहे की हो’ कळत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज आधारशी जोडलेला, अपार क्रमांक आणि श्रेयांक बँकेचे खाते डिजिलॉकरमार्फत आधारवरच्या नावाने निघणार, आणि विद्यापीठाकडचे नाव बारावीच्या गुणपत्रिकेवरून आलेले. एक अक्षर इकडेतिकडे झाले की अर्ज अडतो. मुलगी पहिल्या वर्षाला, बाप भाजीच्या गाडीवर. कॉलेजच्या खिडकीवर तिला सांगतात, “आधार दुरुस्त करून आण.” ती बिचारी जाते आणि करून आणते.

हा सल्ला कित्येकदा चुकीचा असतो. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. गुणपत्रिकेत चूक, आधार बरोबर, आणि बदलले आधार, असे झाले तर एक संधी वाया गेली आणि चूक पक्की झाली. मग पॅन, बँक, पासपोर्ट एकेक करून निसटायला लागतात. लग्नानंतर तिला नाव बदलायचे असेल तर शेवटची संधी तिथे संपते. खरे तर आधी बघायला हवे ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये काय आहे. तिथली नोंद आणि बोर्डाची गुणपत्रिका यांत फरक असेल तर दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे मागायची. रजिस्टरमध्येच घोळ असेल तर गोष्ट वेगळी. आणि जाणूनबुजून नाव बदलायचे असेल तर राजपत्राचा रस्ता धरायचा. कुठला कागद आधी हलवायचा, हे त्या मुलीला सांगायला कॉलेजात एक माणूस हवा. त्याला पोर्टल कळले पाहिजे आणि सय्यदची पाच रूपे एकाच घरातली असू शकतात हेही कळले पाहिजे. प्रवेशाच्या वेळी दहा मिनिटे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले तर अर्धा घोळ जूनमध्येच संपतो. फेब्रुवारीत, मुदतीच्या आदल्या दिवशी, तो संपत नाही.

फाँटचे दुखणे वेगळेच आहे. मराठी विभागातल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी आयुष्यभराच्या नोंदी, प्रश्नपत्रिका, शोधनिबंध जुन्या फाँटमध्ये टंकून ठेवले. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण पोटात इंग्रजी अक्षराचा संकेत असतो. यंत्र बदलले, तो फाँट गेला, की बारा वर्षांचे काम म्हणजे इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, विंडोज २०००पासून ती आपल्या यंत्रांत चालते, तरी प्रश्नपत्रिका अजून जुन्या फाँटात जातात, कारण छापखान्यात तेच चालते. उर्दू विभागात इनपेजच्या जुन्या फायलींचे हेच. त्या इनपेजखेरीज कुठे उघडत नाहीत, ईमेलमध्ये चिकटवल्या तर काहीच्या बाही उमटते.

यात नुसती गैरसोय असती तर मी एवढे लिहिले नसते. २०१८च्या यूजीसी नियमांनंतर प्रत्येक प्रबंध वाङ्मयचौर्याच्या तपासणीतून जातो. जुन्या फाँटमधल्या प्रबंधात त्या सॉफ्टवेअरला मराठी दिसतच नाही, म्हणून अहवालात जो आकडा येतो त्याला अर्थ नसतो. तोच प्रबंध शोधगंगेवर चढतो. तिथे उद्या कुणी तांबोळी, अत्तार, मुजावर यांच्या इतिहासावर शोध घेतला, तर त्याला हे लेखन सापडणार नाही. ते असेल, पण नसल्यासारखे. आपल्या समाजावर मराठीत आधीच किती लिहिले गेले आहे! त्यातलेही असे बुडवायचे का? रूपांतराची साधने आहेत, पण ती रफार आणि जोडाक्षरांत गोंधळ घालतात, म्हणून रूपांतरानंतर मराठी जाणणाऱ्याने पान न् पान वाचावे लागते. हे एएमसीवाल्याचे काम नव्हे.

“नवी पिढी सगळे जाणते, अजून पाच-सात वर्षांत हा प्रश्नच राहणार नाही,” असे एक मित्र मला म्हणाले. मला तसे वाटत नाही. नवी पिढी मोबाइल जाणते. तीस कॉलमची एक्सेल फाइल पोर्टलने नाकारली तर तीही तशीच अडते, फक्त कबूल करत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारा म्हणावे, तर ती उत्तर देते झकास, पण तुमच्या विद्यापीठाच्या पोर्टलवर काल कुठले बटण हलवले हे तिला ठाऊक नसते. शिवाय घाबरलेला लिपिक विद्यार्थ्यांची सगळी यादी, आधार क्रमांकांसकट, तिच्यात चिकटवून मोकळा होतो. तसे करू नये, हे तरी त्याला कुणी सांगितले आहे का?

मोठ्या विद्यापीठांत यासाठी मदतकक्ष असतो. फोन करा, तक्रारीला क्रमांक मिळतो, काम झाल्यावर नोंद होते. आपल्या गावच्या कॉलेजला एवढे सॉफ्टवेअर नको. आवक-जावकसारखे एक रजिस्टर पुरे: तारीख, कोण अडले, कशात अडले, कसे सुटले. वर्षाअखेरीस ते उघडले तर कळेल की पन्नास वेळा लोक एकाच जागी अडले. मग त्या एका गोष्टीचे अर्ध्या पानाचे मराठी टिपण भिंतीवर लावा. कुठली यंत्रे बदलायची तेही त्यातूनच निघेल. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि कार्यालयातली कितीतरी यंत्रे नव्या आवृत्तीला चालत नाहीत. त्यांच्यावरच विद्यार्थ्यांची माहिती पडून आहे. डेड स्टॉकमध्ये नोंद आहे आणि निर्लेखन होत नाही, म्हणून ती यंत्रे चालूच.

सरकार ही जागा कधी मंजूर करील ते सांगवत नाही. पण आपल्या समाजाच्या ज्या शिक्षणसंस्था आहेत, त्यांच्या विश्वस्तांना मला थेट विचारायचे आहे. देणगीदार मिळाला की आपण कमान बांधतो, संगणककक्ष उभा करतो, दारावर मरहूम वडिलांच्या नावाची पाटी लावतो. वीस यंत्रे येतात. ती वापरायला शिकवणाऱ्या एका माणसाच्या पगारासाठी मात्र कुणी देणगी मागत नाही आणि कुणी देत नाही. पगारावर पाटी लावता येत नाही, हे मान्य. पण सवाबे जारिया विटांतच असतो असे कुणी सांगितले? ज्या मुलीची शिष्यवृत्ती एका अक्षरापायी अडली आणि जिला वेळेवर नीट सल्ला मिळाला, तिचे तीन वर्षांचे शिक्षण त्या पगारात येते.

तेव्हा पुढच्या बैठकीत अंदाजपत्रक येईल तेव्हा दोन गोष्टी मांडा. पहिली, ‘संगणक सहायक’ नावाचा एक पूर्णवेळ माणूस. मराठी पक्की, उर्दू वाचता येणारी, पत्र अकरा महिन्यांचे नाही. दुसरी फुकट आहे. सगळे पासवर्ड वहीतून काढून, ज्याचा त्याच्या ताब्यात देऊन, एक प्रत लिफाफ्यात सीलबंद करून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवायची आणि निवृत्त प्राचार्यांचा मोबाइल नंबर पोर्टलवरून काढायचा. हे दुसरे काम उद्या सकाळी अकरा वाजता सुरू केले तर संध्याकाळपर्यंत होते. फक्त वहीवाल्याला आधी चहा पाजा, आणि कुठला पासवर्ड कुठे लागतो ते त्याच्याकडून नीट समजून घ्या.