सातवा टायर

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला माल चढवणाऱ्या सहाचाकी ट्रकचा सातवा टायर कधी वाकून पाहावा. एक कड गोटा झालेली, दुसरी त्यातल्या त्यात बरी, कुठे भेगेतून तार डोकावते आहे. हा टायर असा झाला म्हणूनच चालत्या चाकावरून उतरवला गेला. तिथून तो थेट स्टेपनीच्या जागी चढला. धावायला नालायक ठरलेला टायर अडचणीच्या वेळी धावायला लायक ठरतो, हा हिशोब आपल्या मालवाहतुकीने कधीच मान्य करून टाकला आहे.

सरकारला स्टेपनीचे महत्त्व कळते. २०२० साली नियम बदलून साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारींना स्टेपनीतून सूट मिळाली. तीही ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तरच. अवजड ट्रकला ती सूट नाही. म्हणजे ट्रकवर स्टेपनी हवीच. ती कशी हवी, हे पाहण्याची तसदी मात्र कोणी घेताना दिसत नाही. टायर टांगलेला आहे ना? मग झाले.

आता तळोद्याहून चांदसैली घाटाने निघालेली गाडी घ्या. धडगावला रेल्वे नाही. रेशनचे धान्य, सिमेंट, सळई, सगळे ट्रकनेच वर जाते. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, दगडांच्या धारदार कडा रस्त्यावर उरतात. वळणावर पुढचे चाक बसले, तर शहाणपणाचा मार्ग एकच: मागच्या जोडीतला चांगला टायर पुढे घ्यायचा आणि स्टेपनी मागे लावायची. म्हणजे दोन चाके खोलायची, जॅक दोनदा लावायचा, तोही भरल्या गाडीला, उतारावर, चाकामागे दगड लावून. पाऊस असेल तर बघायलाच नको. ड्रायव्हर आणि क्लीनर हे करतील अशी अपेक्षा मालकही ठेवत नाही. स्टेपनी सरळ पुढे चढते. गाडीवरचा सर्वांत वाईट टायर स्टिअरिंगच्या चाकावर येतो, आणि पुढचा सगळा उतार त्याच्या भरवशावर.

मागे लावली तरी सुटका नाही. जोडीतली दोन्ही चाके एकाच हबला आवळलेली असतात, बरोबरच फिरतात. शेजारच्या टायरची नक्षी १५ मिलिमीटर आणि स्टेपनीची ३ असेल, तर दोघांच्या व्यासात २४ मिलिमीटरचा फरक पडतो, परिघात सुमारे साडेसात सेंटिमीटरचा. मोठा टायर जास्तीचे ओझे घेतो आणि तापतो. लहान रस्त्यावर घसटत जातो. चांगल्या टायरचेही आयुष्य त्या संगतीत कमी होते. मग तोही उतरतो आणि पुढची स्टेपनी होतो.

मालकाला विचारा, उत्तर ठरलेले: घाट टायर खातो. घाट डावीकडेही वळतो आणि उजवीकडेही. टायर एकाच कडेने खाल्ला जात असेल, तर घाटाआधी पुढच्या चाकांचा कोन तपासावा, किंगपिनची ढिलाई पाहावी. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. रॉड आपटून आवाजावर हवा ओळखण्याची आपली पद्धत यातले काहीच सांगत नाही. रस्त्याचा दोष एका ठिकाणी नक्की आहे. अरुंद डांबरावर समोरून गाडी आली की डावी चाके साइडपट्टीवर उतरतात, परत चढताना डांबराची उंच कड टायरची कूस कापते. तेवढे बांधकाम खात्याच्या खात्यावर मांडावे. बाकीचे मालकाच्या.

नवा टायर पाच आकडी रकमेचा, हे खरे. भाड्यात तो बसत नाही, हेही खरे असेल. पण २०१८ मध्ये केंद्राने आसामागचे वजन वाढवून दिले. जोडीच्या चाकांच्या एका आसावर १०.२ टनांऐवजी ११.५ टन चालू लागले. वाढीव वजनाचे भाडे सहा टायर कमावतात. सातव्यावर त्यातला एक रुपयाही जाऊ नये?

ट्रकच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेले आहे. आठ वर्षांपर्यंतच्या ट्रकला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेसला उभे राहावे लागते. नंदुरबारच्या परिवहन कार्यालयाने त्या दिवशी स्टेपनी खाली उतरवून घ्यावी, दोन्ही कडांना आणि मध्ये माप लावावे आणि नापास टायर असेल तर गाडी परत पाठवावी. धान्य वाहतुकीचा ठेका देणाऱ्यांनीही अक्राणी (धडगाव) तालुक्याच्या फेऱ्यांसाठी हीच अट करारात घालावी. नक्षी मोजण्याचे साधन खिशात मावते.