सातवे पाऊल आणि अर्जाचा कागद

आष्टीचे नाव घेताच विदर्भाला १६ ऑगस्ट १९४२ ची नागपंचमी आठवते. त्या दिवशी पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या गावकऱ्यांपैकी काहींनी तेथेच देह ठेवला. ज्यांच्या वाट्याला फाशीची शिक्षा आली, त्यांच्यासाठी पुढे अर्ज, अपिले आणि विनंत्यांचा प्रदीर्घ लढा झाला. अनसूयाबाई काळे यांनी चिमूर-आष्टीच्या बंदिवानांसाठी जिवाचे रान केले आणि अनेकांच्या गळ्याभोवतीचा फास सुटला. वेळेवर केलेला अर्ज माणसाचे आयुष्य वाचवू शकतो, हे या मातीने फार पूर्वीच अनुभवले आहे.

आज प्रश्न फासाचा नाही, संसाराचा आहे. विदर्भाच्या तालुक्यातालुक्यांतून मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी सातासमुद्रापार जात आहेत. कुणी तेथेच विवाह करतो, कुणी पंधरा दिवसांच्या रजेवर येऊन अक्षता टाकून घेतो. मांडव उतरतो, पाहुणे परततात आणि मग घरात एक अनोळखी शब्द शिरतो : 'पिटिशन'. पत्नी पतीकडे केव्हा जाणार, याचे उत्तर पंचांगात नसते. ते दूरदेशीच्या एका कार्यालयातील धारिकेत असते.

सीमारेषा आणि संसार यांचे हे भांडण वर्धा जिल्ह्याला नवे नाही. १८८४ मध्ये जन्मलेले वर्ध्याचे सुपुत्र डॉ. पांडुरंग खानखोजे गदर चळवळीत उतरले आणि देशोदेशी भटकत मेक्सिकोत पोहोचले. तेथे त्यांनी कृषिशास्त्रज्ञ म्हणून गहू आणि मक्यावर मोलाचे संशोधन केले. १९३६ मध्ये त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. वर मराठी, वधू बेल्जियन, संसार मेक्सिकोत आणि मायदेशाची दारे ब्रिटिशांच्या काळ्या यादीने बंद! स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. दोन माणसांचे एकत्र राहणे हे राज्यसत्तेच्या शिक्क्यावर किती अवलंबून असते, याचे याहून जवळचे उदाहरण कोणते?

अमेरिकेचा इतिहासही याची साक्ष देतो. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. त्या काळी अशा 'अपात्र' परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रीला स्वतःचे नागरिकत्व गमवावे लागे. १९४६ मध्ये दार किंचित किलकिले झाले, तेही वर्षाला जेमतेम शंभर भारतीयांपुरते. १९६५ च्या कायद्यानंतर खऱ्या अर्थाने वाट मोकळी झाली. आज अमेरिकी नागरिकाच्या पती-पत्नीला संख्येची मर्यादा नाही. मात्र केवळ 'ग्रीन कार्ड' असलेल्याच्या जोडीदाराला वार्षिक मर्यादेच्या रांगेत उभे राहावे लागते. मुलीच्या बापाने स्थळाचा पगार विचारण्याआधी हा भेद विचारला पाहिजे. 'मुलगा अमेरिकेत आहे' या वाक्याचे किमान तीन अर्थ होतात : तो नागरिक आहे, कायम रहिवासी आहे किंवा कामाच्या तात्पुरत्या परवान्यावर आहे. तिसऱ्या प्रकारात पत्नीला मिळणारा 'एच-४' परवाना मुळात नोकरीचा हक्क देत नाही. २०१५ पासून काही अटींवर ती सवलत मिळाली, पण सर्वांना नाही. उच्चशिक्षित मुलगी तेथे जाऊन चार भिंतींत बसते, त्याचे मूळ येथे आहे.

आता विवाहच परदेशात झाला असेल तर? समजा, आष्टीचा एक तरुण अमेरिकेचा नागरिक झाला, नोकरीनिमित्त सिंगापूरला गेला आणि तेथेच भारतीय मुलीशी विवाहबद्ध झाला. सर्वसाधारण नियम असा की, विवाह जेथे झाला तेथील कायद्याने तो वैध असेल, तर अमेरिका तो मानते. पण वधू-वर दोन ठिकाणी आणि अक्षता दूरध्वनीवर, असा विवाह त्यानंतर सहजीवन घडल्याशिवाय ती मानत नाही. कॅनडाने तर २०१५ पासून असे विवाह प्रायोजकत्वासाठी अग्राह्यच ठरविले आहेत.

पूर्वी परदेशस्थ अमेरिकी नागरिकाला त्या देशातील अमेरिकी कार्यालयातच 'आय-१३०' अर्ज देता येत असे. फेब्रुवारी २०२० पासून ती नेहमीची सोय संपली. अपवादात्मक परिस्थिती सोडता अर्ज संगणकावरून किंवा टपालाने अमेरिकेतच पाठवावा लागतो. तो मंजूर झाला की कागद राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जातात आणि भारतात राहणाऱ्या जोडीदाराची मुलाखत सामान्यतः मुंबईच्या वकिलातीत होते. दरम्यान पतीला आर्थिक हमीपत्र द्यावे लागते. तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न तर हवेच. शिवाय तो स्वतः अमेरिकेचा निवासी आहे किंवा तेथे परतणार आहे, हेही सिद्ध करावे लागते. सिंगापुरात बसून 'तू पुढे जा, मी नंतर पाहू' असे म्हणणाऱ्याची हमी तेथे चालत नाही. ब्रिटनने तर एप्रिल २०२४ मध्ये प्रायोजकाच्या उत्पन्नाची किमान अट १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेली. प्रेमाला मोल नसते म्हणतात. परराष्ट्रांनी ते पौंडांत ठरविले आहे!

हे देश निष्ठुर आहेत, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. खोट्या विवाहांचा बाजार आहे, म्हणून तपासणी आहे. आपला देशही भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला नागरिकत्वाच्या अर्जापूर्वी सात वर्षांच्या वास्तव्याची अट घालतोच. दारावर कोण आले आहे हे पाहण्याचा अधिकार प्रत्येक घराला असतो.

खरा धोका वेगळाच आहे. या सर्व प्रक्रियेत अर्जदार एकच असतो. दुसरा केवळ वाट पाहतो. अर्ज करायचा की नाही, मागे घ्यायचा की नाही, हे पहिल्याच्या हाती. विवाहाला दोन वर्षे होण्याआधी पत्नी अमेरिकेत पोहोचली, तर तिला मिळणारे ग्रीन कार्डही सशर्त असते आणि अट उठविण्यासाठी दोघांनी संयुक्त अर्ज करावा लागतो. दुष्ट माणसाच्या हाती हा कागद चाबूक होतो. छळ होत असेल तर एकटीने अर्ज करण्याची वाट अमेरिकी कायद्यात आहे, हे आपल्या किती लेकींना ठाऊक असते?

आणि जिला तिकडे नेलेच नाही, तिचे काय? १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशस्थ पतीने टाकलेल्या एका विवाहितेच्या खटल्यात सुचविले होते की, भारतात झालेला असा विवाह परकीय न्यायालयाला रद्द करता येऊ नये आणि पत्नीला पतीच्या मालमत्तेतून पुरेशी पोटगी मिळावी. १९९१ च्या निकालाने, भारतीय कायद्यात नसलेल्या कारणांवर पत्नीला डावलून मिळविलेला परदेशी घटस्फोट येथे बंधनकारक नसल्याचे स्पष्ट केले. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले; विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वंकष कायद्याची शिफारस केली. परंतु शिफारस म्हणजे संरक्षण नव्हे.

तोवर समाजाने काय करावे? हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. विधीविना केवळ नोंदणीचा कागद म्हणजे विवाह नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावले, ते योग्यच आहे. पण संस्काराची थोरवी गाणाऱ्या समाजाने कागदाची हेळसांड करणे हे शहाणपण नव्हे. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमानुसार गावपातळीवरही विवाहनोंदणी होते. परदेशातील भारतीय दूतावासात १९६९ च्या विदेशी विवाह कायद्यान्वये, तीस दिवसांच्या सूचनेनंतर, भारतीय नागरिकाला विवाह करता येतो. परदेशी विवाहाचे मूळ प्रमाणपत्र, पारपत्राच्या प्रती, पतीचा नोकरीचा व घरचा पत्ता यांचा एक संच मुलीच्या माहेरी असलाच पाहिजे. अर्ज केव्हा करणार, हे साखरपुड्यातच विचारावे. त्यात अपमान मानणारे घर लेकीसाठी योग्य नव्हे.

आपण आहेराची यादी बारकाईने करतो, मानपानावरून रुसतो, मुहूर्ताची घटिका चुकू देत नाही. त्यातील एक सायंकाळ जावयाच्या निवासाचा दर्जा आणि अर्जाचे टप्पे समजून घेण्यासाठी दिली, तर किती लेकींची उंबरठ्यावरची वर्षे वाचतील! आष्टीने १९४२ नंतर आपल्या माणसांना तुरुंगात एकटे सोडले नाही. त्यांच्यासाठी अर्ज लिहिले गेले, पाठपुरावा झाला, दारे ठोठावली गेली. लेक सासरी निघताना, मग ते सासर मोर्शीचे असो वा मेरीलँडचे, तिच्या पाठीशी तेवढाच जागा असलेला समाज उभा राहिला पाहिजे. सप्तपदीतील सात पावले दोघांची असतात. पुढची वाट बंद होऊ नये, हे पाहण्याचे काम मांडवात जमलेल्या सर्वांचे असते.