परदेशी कंपनी : पाटी लहान, दप्तर मोठे

इंग्लंडमध्ये कंपनी काढणे अगदी सोपे, असे सांगणारे एजंट आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या अनेक होतकरू तरुणांना भेटलेले असतात. ते खोटे बोलत नाहीत. 2024 च्या मेपर्यंत अवघ्या 12 पौंडांत ऑनलाइन नोंदणी होत असे. तेव्हा ती फी 50 झाली. पण नोंदणीनंतर काय, यावर एजंट मूग गिळून बसतो.

जबाबदारी तर तिथूनच सुरू होते. तेथील 2006 च्या कंपनी कायद्यानुसार खासगी कंपनीने आर्थिक वर्ष संपल्यापासून 9 महिन्यांत हिशेब 'कंपनीज हाऊस'कडे दाखल केलेच पाहिजेत. पहिल्या वर्षी थोडी सवलत आहे, एवढेच. कंपनीची नोंदलेली माहिती बरोबर असल्याचे वार्षिक निवेदन वेगळे. कर खात्याचे घड्याळ तर तिसरेच! कंपनी कर 9 महिने 1 दिवसात भरायचा आणि विवरणपत्राला मात्र 12 महिने. म्हणजे पैसे आधी, कागद नंतर. आणि एक पौंडाचीही कमाई न झालेली, निद्रिस्त कंपनी? तिलाही कंपनीज हाऊसला हिशेब द्यावाच लागतो.

हिशेबाला एक दिवस उशीर झाला की 150 पौंड दंड, सहा महिने उलटले की 1500. सलग दुसऱ्या वर्षी चुकलात तर दुप्पट. शिवाय हिशेब न देणे हा संचालकाचा फौजदारी गुन्हा आहे. कंपनीचे नाव रजिस्टरमधून खोडले गेले तर तिची उरलीसुरली मालमत्ता ब्रिटिश राजमुकुटाकडे जाते.

आमचा आक्षेप शिस्तीला नाही. एका खोलीतून डबे पुरवणाऱ्याला आणि लाखो पौंडांची उलाढाल करणाऱ्या खासगी कंपनीला दंड एकच! याला समानता म्हणायचे काय? आणि हेच कार्यालय वर्षानुवर्षे संचालक म्हणून कोणाचेही नाव, कोणताही पत्ता न तपासता नोंदवून घेत होते. 2023 चा कायदा झाला तेव्हा कुठे जाग आली. संचालकांची ओळख पडताळणी सक्तीची व्हायला 18 नोव्हेंबर 2025 उजाडला. लबाड मोकळे आणि गरीब दंडात, असा हा उफराटा न्याय.

यात सर्वाधिक भरडला जातो तो विद्यार्थी. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करण्यास मनाई आहे. तरीही 'नावापुरता डायरेक्टर हो' म्हणणारे भेटतातच. कायद्याला नावापुरता डायरेक्टर माहीत नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची. भारतात परतून येथील रहिवासी झालेल्याने ते शेअर आपल्या आयकर विवरणपत्रातही दाखवायचे असतात. 2015 च्या काळा पैसा कायद्यात ते लपवल्यास 10 लाखांच्या दंडाची तरतूद आहे. स्थावर सोडून 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला ऑक्टोबर 2024 पासून त्यातून सूट मिळाली, हे खरे.

मध्यंतरी असाच परतलेला एक मुलगा दंडाचे पत्र घेऊन आमच्याकडे आला. ऑनलाइन हिशेब भरायला लागणारा कंपनीचा सहा अक्षरी कोड कुठे आहे, असे आम्ही विचारले. कोड एजंटकडे होता आणि एजंटचा फोन बंद होता.