ताप वायंडिंगला, मोजमाप करंटचं

वसमत, कळमनुरीकडची हळद आठ-नऊ महिने जमिनीत असते आणि ऐन पाण्याच्या पाळीला विहिरीवरची मोटार जळते. दोष व्होल्टेजला दिला जातो. तो खोटा नाही. एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजवर करंट दीडपटीहून जास्त चढतो. पण स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले फक्त करंट ओळखतो. पंख्याच्या जाळीत माती अडकली किंवा मोटार पुन्हापुन्हा चालू-बंद झाली, तर करंट ठीक दिसत असतानाही वायंडिंग तापते. इन्सुलेशनचा वर्ग एफ असेल तर मर्यादा १५५ अंश. त्यापुढे दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून रिवाइंडिंगच्या वेळीच प्रत्येक फेजच्या गुंडाळीत हरभऱ्याएवढा थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा सेन्सर, बसवावा, तिन्ही सिरीजमध्ये जोडून दोन वायरी वेगळ्या थर्मिस्टर रिलेला न्याव्यात आणि त्या रिलेचा संपर्क स्टार्टरच्या कॉइलला जोडावा. उंदराने वायर कुरतडली तरी मोटार बंदच पडते, हा त्यातला शहाणपणा.

‘आणखी एक खर्च’ ही तक्रार रास्त आहे, पण रिवाइंडिंगचे बिल त्याहून मोठे असते. पाणबुडी मोटारीला मात्र हा उपाय सरसकट लागू नाही. तिची पीव्हीसी वायर सत्तर अंशांच्या आसपासच हार मानते, तिला वेगळा सेन्सर लागतो. आणि ऑटो स्विच असेल तर रिले हाताने रिसेट होणाराच घ्या. नाहीतर तापलेली मोटार रात्री आपोआप पुन्हा सुरू होईल. वायंडरकडे मोटार टाकताना एवढे सांगाच.