मडकं टांगण्याआधी



आज चौकीवरचं काही लिहीत नाही. एका पाखराची गोष्ट सांगतो आणि त्यावरून झालेलं एक मत मांडतो. ते सगळ्यांना पटेल असं नाही. पण क्वार्टरच्या व्हरांड्यात किंवा निवृत्तीनंतर गावच्या ओसरीवर ज्यांनी पिंजरा टांगलाय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

अंबाला छावणीत फॅमिली क्वार्टर मिळालं त्या वर्षीची ही गोष्ट. शेजारच्यांची बदली झाली आणि जाताना ते पिंजरा, पक्ष्यांची जोडी आणि बाजूला भोक असलेलं मातीचं छोटं मडकं आमच्या दारात ठेवून गेले. "ट्रेनमध्ये कुठं नेणार? तुमच्या पोरीला करमणूक होईल." बाजारात सगळे याला लव्हबर्ड म्हणतात, पण खरं नाव बडजी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला लहानसा पोपट, वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम. मोठ्या नराच्या चोचीच्या मुळाशी बहुधा निळा रंग असतो, मादीच्या तपकिरी.

मडकं पिंजऱ्यात मीच टांगलं. कुणी सांगितलं नव्हतं. रिकामं पडलंय तर टांगूया, एवढाच विचार.

नोव्हेंबर संपता संपता मादी मडक्यात शिरली आणि एक दिवसाआड एक अशी पाच अंडी झाली. अठरा दिवसांच्या सुमारास पहिलं पिल्लू बाहेर आलं, मग एक दिवसाआड बाकीची. त्यामुळे थोरलं आणि धाकटं यांच्यात आठ-नऊ दिवसांचं अंतर पडलं. या वयात तो फरक फार मोठा असतो. थोरल्याला पिसं फुटायला लागतात तेव्हा धाकटं उघडं, गुलाबी, मान न धरणारं असतं.

जानेवारीत एके सकाळी पी.टी.वरून आलो तर लेक रडत होती. धाकटं पिल्लू पिंजऱ्याच्या तळाच्या पत्र्यावर पडलेलं, हातात घेतलं तर गार. बाहेर धुकं, रात्रीचं तापमान पाच-सहा अंश. लहानपणी गावी चिमणीच्या पिल्लाला दूध-पाव चारायचो, तेच केलं. ड्रॉपरनं तोंडात थेंब सोडले. दूध नाकातून बाहेर आलं. अर्ध्या तासात ते गेलं.

संध्याकाळी युनिटच्या एम.आय. रूममधल्या नर्सिंग असिस्टंटला सहज सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, गार पडलेल्या, शुद्ध हरपलेल्या जवानाच्या तोंडात तुम्ही पाणी ओतता का?"

मी गप्प झालो. प्रथमोपचाराचा हा पहिला धडा मी स्वतः रंगरूटांना शिकवलाय. आधी श्वास, मग रक्त, मग ऊब, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. पाखरू समोर आलं तेव्हा हे काहीच आठवलं नाही. दया आली आणि त्या दयेनंच ते मेलं.

चार दिवसांनी थोरलं पिल्लू बाहेर सापडलं. साधारण तीन आठवड्यांचं, निम्मी पिसं फुटलेली. डोक्यावरची कातडी सोललेली, रक्त वाळलेलं आणि डावा पाय बाजूला फाकलेला. मादीनंच चोचीनं मारलं होतं. तिला पुन्हा अंडी घालायची होती आणि मडक्यात मोठं झालेलं पिल्लू तिला अडथळा वाटत होतं.

या वेळी घाई केली नाही. आधी ऊब. बुटांच्या खोक्यात जुना टॉवेल अंथरला. कापूस नाही, कारण त्याचे धागे नखांत अडकतात. एका बाजूला ४० वॅटचा बल्ब लावला, दुसरी बाजू मोकळी ठेवली, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता यावं. आत तीस अंशांच्या आसपास ठेवायचं ठरवलं. जखम मिठाच्या कोमट पाण्यानं हळू पुसली. मग डॉक्टर. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे म्हशी आणि कुत्रीच जास्त यायची. त्यांनी सरळ सांगितलं, "पाय पूर्ण सुधारणार नाही, हाडं घट्ट होत आलीत. पण जगेल." दोन्ही पायांना मऊ पट्टी लावून मध्ये अंतर कसं ठेवायचं, तेही दाखवलं.

खाणं म्हणजे पिल्लांसाठी मिळणारी तयार पावडर, पातळ कढीसारखी कालवून, ३९-४० अंशांवर. गार असेल तर पचत नाही. फार गरम असेल तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, म्हणून प्रत्येक वेळी थर्मामीटर. पिल्लू आपण होऊन मान वर करून मागेल तेव्हाच चमच्यानं थोडं थोडं द्यायचं. ती पिशवी रिकामी होत आल्याशिवाय पुढचा घास नाही. बायकोनं भिंतीवर ड्यूटी रोस्टर लावलं: सकाळी सहा मी, दहा ती, दोनला शाळेतून आलेली लेक, सहाला पुन्हा ती, रात्री दहा मी. मधे लाईट गेली की गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवायची, हे कामही माझं. लेकीनं त्याचं नाव 'शिपाई' ठेवलं.

मादीला वेगळ्या पिंजऱ्यात हलवलं. उरलेली तीन पिल्लं एकट्या बापानं चारून मोठी केली. हे मला माहीतच नव्हतं. आधी माहीत असतं तर शिपायाचा पाय वाचला असता.

आता मताकडे येतो.

त्या दिवसांत दोन गोष्टी खूप ऐकल्या. एक, "फौजी माणूस आणि चिमणीएवढ्या जिवासाठी रात्री उठतो?" याला उत्तर द्यायची गरज वाटत नाही. ज्यांनी सोबत्याला खांद्यावर घेऊन उतार उतरलाय, ते असं विचारत नाहीत.

दुसरी गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. शेजारच्या भाभीजी म्हणाल्या, "रहने दीजिए भाईसाहब, कुदरत का हिसाब है." आईनं टाकलं म्हणजे त्यात काहीतरी कमी असणार, निसर्गाला त्याचं काम करू द्यावं. असं म्हणणारी माणसं निर्दय नसतात. रानात हे बऱ्याच अंशी खरंही आहे.

पण आमच्या व्हरांड्यात निसर्ग होता कुठे? ऑस्ट्रेलियात हे पक्षी पाऊस पडून गवताला दाणा धरला की झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. दाणा संपला की थवा पुढे जातो, मादीला विसावा मिळतो. आम्ही काय केलं? बारा महिने वाटी भरून राळं, ज्याला इकडे कंगनी म्हणतात, आणि बारा महिने मडकं. तिच्या शरीराला वाटतं सुगी चालूच आहे. एक विण संपायच्या आत दुसरी. अंग झिजतं, अंडं अडून माद्या मरतात आणि पिल्लांचे असे हाल होतात. उडून लांब जायची सोयही पिल्लाला नाही. तेव्हा हिशेब कुदरतीचा नव्हता, माझा होता. मडकं मी टांगलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं. जखमी पिल्लू वाचवणं ही दया नाही, ती मडकं टांगणाऱ्याची जबाबदारी आहे. ज्याला शेवटच्या, लंगड्या पिल्लाची जबाबदारी घ्यायची नाही, त्यानं मडकं टांगूच नये. पक्षी मडक्याशिवायही आनंदात राहतात. बहुतेक माद्या मग अंड्यावर येतही नाहीत.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक पिल्लू वाचतं का? नाही. काही जखमा अशा असतात की डॉक्टरांनी शांतपणे शेवट करणं हेच बरं. तोही निर्णय जबाबदारीचाच भाग आहे. पत्र्यावर गारठू देणं हा निर्णय नव्हे.

आणि हे पिंजऱ्यातल्या पाखरांपुरतं. झाडाखाली आपल्याकडच्या पक्ष्याचं पिल्लू दिसलं तर लगेच घरी आणू नका. माणसाचा हात लागला की आई टाकते, हा गैरसमज आहे. घरटं दिसत असेल तर परत ठेवा आणि लांबून बघा. आपला हिरवा पोपट पाळणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

आपल्या लोकांना एक खास सांगणं. आपली बदली दोन-तीन वर्षांत होणार हे माहीत असतं. क्वार्टर सोडताना बल्ब, नळ, पंखे मोजून देतो, सही घेतो. पाखरं मात्र शेजाऱ्याच्या दारात. माझ्याकडे ती तशीच आली. ती देणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण घेताना मीही एक प्रश्न विचारला नाही. किती वयाची आहेत, काय खातात, किती वेळा अंडी झाली, काही नाही. निदान चार ओळी कागदावर लिहून द्या आणि घेणाऱ्याला सांभाळायचं आहे का, हे आधी विचारा.

माझी पुढची पोस्टिंग फील्डमध्ये आली आणि फॅमिली साताऱ्याला गावी गेली. तीन पिल्लं अंबाल्यातच एका ओळखीच्या कुटुंबाला दिली, मडक्याशिवाय, चार ओळींच्या कागदासकट. मोठी जोडी आणि शिपाई गावी आले. शिपाई नीट उडत नाही. गोल काठीवर पाय धरत नाही म्हणून वडिलांनी त्याला सपाट फळी करून दिली. फोनवर बोलताना मागे त्याची किलबिल ऐकू येते.

मडकं फोडलं नाही. लेक त्यात पेन्सिली ठेवते.

जय हिंद.