शिफ्ट दाबायचं की नाही, हे कोण ठरवणार?

साताऱ्यातला पोवई नाका घ्या, नाहीतर सांगलीतली गणपती पेठ. फ्लेक्स-पत्रिकांच्या कुठल्याही दुकानात ऑपरेटरच्या मागं दहा मिनिटं उभं राहून बघा. डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर, तोंडानं गिऱ्हाईकाशी बोलणं चालू. नजर एकदाही कीबोर्डकडं जात नाही. हे कुठल्या डिप्लोम्यात शिकवत नाहीत. पंधरा-वीस वर्षं खुर्चीत बसून ते बोटांत उतरतं.

आणि नेमकं त्याच्यावरच घाव बसतो.

उदाहरण फोटोशॉपचं घेऊ. वर्षानुवर्षं जगभर एकच रीत होती. फोटो लहानमोठा करायचा तर शिफ्ट दाबून कोपरा ओढायचा, म्हणजे प्रमाण राहतं. शिफ्ट सोडलं की फोटो ताणला जाणार. 2018 च्या ऑक्टोबरात अ‍ॅडोबीनं फोटोशॉपची 2019 ची आवृत्ती काढली आणि हे बरोबर उलटं केलं. आता शिफ्ट न दाबता प्रमाण राहतं, दाबलं की ताणतं. त्यातही गंमत म्हणजे फोटो आणि अक्षरांना नवा नियम, पण काढलेल्या आकारांना सुरुवातीला जुनाच. त्याच कंपनीच्या इलस्ट्रेटर आणि इनडिझाईनमध्ये जुनी रीत तशीच राहिली. म्हणजे एकाच टेबलावर, एकाच कंपनीच्या दोन प्रोग्राममध्ये तेच बटण दोन उलटी कामं करणार.

आपल्याकडं याचा अर्थ काय होतो बघा. वाढदिवसाचा फ्लेक्स. वर साहेब, खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस चेहरे. प्रत्येक चेहरा गोलात बसवायचा. हात सवयीनं शिफ्टवर जातो आणि चाळीसही जणांचे गाल सुजतात. मागं उभा असलेला कार्यकर्ता विचारतो, "काय ओ, आमचा अध्यक्ष असा कसा फुगला?" ऑपरेटर काय सांगणार, अमेरिकेत कुणीतरी नियम बदलला म्हणून? रात्री अकराला फ्लेक्स मशीनवर गेला पाहिजे, सकाळी सहाला चौकात लागला पाहिजे. इथं मजुरी नगावर मिळते. गेलेला तास कुणी भरून देत नाही.

जुनी रीत परत हवी असेल तर सुरुवातीला काय करायचं होतं? नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून ती फाईल एका ठराविक फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची. पुढं काही महिन्यांनी ओरड झाल्यावर सेटिंगमध्ये साधी टिक करायची सोय आली. म्हणजे सोय देता येत होती. मग पहिल्या दिवशीच का दिली नाही?

कंपनीची बाजूही समजून घेऊ. मोबाईलवर दोन बोटांनी फोटो मोठा केला तर तो ताणला जात नाही. आज शिकायला बसलेल्या पोराला शिफ्टची भानगड विचित्रच वाटणार. कंट्रोल झेडचंही तसंच. आधी ते एकच पायरी मागं जायचं आणि परत दाबलं की पुढं यायचं. आता दाबाल तितकं मागं जातं, आणि ते चांगलंच झालं. बदल चुकीचा आहे असं माझं म्हणणंच नाही. नव्या माणसासाठी नवी रीत ठेवा, पण वीस वर्षांच्या गिऱ्हाईकाला उघडल्या उघडल्या एक प्रश्न विचारा, जुनं ठेवू का नवं? एवढंच.

मराठीचं दुखणं तर वेगळंच. नवा प्रोग्राम टाकायचा, युनिकोडमधला मजकूर आणून पेस्ट करायचा, आणि बऱ्याच वेळा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात. उपाय असतो. इनडिझाईनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की अक्षरं ताळ्यावर येतात. पण तो पर्याय कुठल्या यादीत लपलाय हे माहीत पाहिजे. इतक्या कोटी लोकांची लिपी, आणि ती नीट दिसण्यासाठी आपण खोदकाम करायचं! म्हणूनच कित्येक जण अजून श्रीलिपी सोडायला तयार नाहीत. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी एकदा सोळा पानांची स्मरणिका लावून बघावी.

आता कडू बोलतो. आपल्याकडच्या पुष्कळ दुकानांत सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नाही, हे उघड गुपित आहे. त्याचं समर्थन नाही. पण गणित बघा. अ‍ॅडोबीनं 2013 पासून नव्या आवृत्त्या डबा विकत घ्यायच्या पद्धतीनं देणं थांबवून भाडं सुरू केलं. 2019 च्या मे महिन्यात तर भाडं भरणाऱ्यांनाच कळवलं की फार जुन्या आवृत्त्या वापरायचा परवाना आता तुम्हाला नाही. म्हणजे प्रामाणिकपणे पैसे भरणाऱ्याच्या हाताखालची बटणं बदलणार, आणि चोरीची जुनी आवृत्ती घेऊन बसलेला शेजारी निवांत काम करणार. प्रामाणिक माणसाला शिक्षा झाल्यासारखंच आहे हे.

आणि प्रश्न फक्त ऑपरेटरचाही नाही. पेजमेकरची शेवटची सातवी आवृत्ती आली 2001 मध्ये. त्या आसपासच्या काळातले आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, छोट्या साप्ताहिकांचे अंक त्याच्यातच लागले. इनडिझाईनच्या सीएस 6 पर्यंत त्या फाईली उघडत होत्या, आजच्या इनडिझाईनमध्ये उघडत नाहीत. ज्यांच्याकडं जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे त्यांनी तो भंगारात घालायच्या आधी सगळ्याच्या पीडीएफ करून जिल्ह्याच्या ग्रंथालयात एक प्रत द्यावी. किर्लोस्करवाडीहून निघालेली जुनी मासिकं छापील आहेत म्हणून आज हातात घेऊन वाचता तरी येतात. 2003 सालची स्मरणिका छापील प्रत हरवली तर कशी वाचणार?

डीटीपीचे क्लास चालवणाऱ्यांनाही एक विनंती. पोरांना बटणं पाठ करून घेऊ नका. प्रमाण म्हणजे काय, समास किती सोडायचा, दोन ओळींत अंतर किती, हे शिकवा. इंकस्केप, स्क्रायबस ही फुकटची आणि कायदेशीर साधनं एकदा तरी उघडून दाखवा. त्यांच्याही रीती वेगळ्या आहेत, वैताग येईलच. पण तिथली जुनी आवृत्ती ठेवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

ज्यांचं आजही अडतंय त्यांच्यासाठी: फोटोशॉपमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, जनरल इथं जा, 'यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म' वर टिक करा, शिफ्ट पूर्वीसारखं चालेल. कंट्रोल झेड जुनं हवं असेल तर एडिटमध्येच कीबोर्ड शॉर्टकट्स उघडून 'यूज लेगसी अनडू शॉर्टकट्स' निवडा आणि फोटोशॉप बंद करून परत चालू करा. गिऱ्हाईक यायच्या आधी करा, तो मागं उभा असताना नको.