जहाजावरचे जेवण आणि ताईचे पथ्य



क्रूझची सहल म्हणजे श्रीमंतांची चैन, असे आपण आजवर समजत आलो. परंतु २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या देशी सहली नव्याने सुरू झाल्या आणि नोकरीला लागलेली आपली मुलेही आईवडिलांना हौसेने दोन-तीन रात्रींसाठी पाठवू लागली. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र या आनंदात एक गोष्ट हमखास राहून जाते. ती म्हणजे घरातल्या आजारी माणसाचे पथ्य.

माझ्या थोरल्या बहिणीचीच हकीकत सांगतो. ताईला बारा वर्षांपासून मधुमेह आणि जोडीला रक्तदाब. तिचा थोरला मुलगा एका परदेशी जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरीला आहे. त्याने आपल्या पगारातून आईवडिलांचे मुंबई-गोवा तिकीट काढून दिले. तिकिटाबरोबरच्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘खास आहार हवा आहे काय?’ भावजींनी तेथे ‘नाही’ असे लिहिले. ताईनेच तसे सांगितले होते.

पहिल्या रात्री त्यांना जेवणाची दुसरी पाळी मिळाली, पावणेनऊची. ताई घरी साडेसातला गोळी घेते आणि आठला जेवते. त्या दिवशीही गोळी साडेसातलाच घेतली. टेबलावर बसेपर्यंत हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. वाढणारा मुलगा चिपळूणकडचा होता. त्याने तिचा चेहरा पाहिला, भावजींना विचारले, “काकींना शुगरचा त्रास आहे का?” आणि धावत जाऊन फळांचा रस आणून पाजला. पंधरा-वीस मिनिटांत ताई सावरली. साखर वाढली की धोका, हे आपल्याला ठाऊक असते. गोळी घेऊन जेवण लांबले तर साखर एकाएकी खाली येते आणि तो धोका अधिक तातडीचा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

थोड्या वेळाने हेड वेटर आले आणि नम्रपणे म्हणाले, “मॅडम, अगोदर का नाही सांगितलंत?” ताई म्हणाली, “एवढ्या माणसांच्या स्वयंपाकात माझ्या एकटीचं वेगळं कशाला, म्हटलं.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांना पहिल्या पाळीत बसवले. फुलके, साधे वरण, कमी मिठाची भाजी, भाजलेला मासा असे ताट येऊ लागले. त्यासाठी एक रुपयाही जादा पडला नाही.

पुढे भाचा सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला विचारले, “काय रे, अशा मागण्यांचा तुम्हा लोकांना वैताग येत नाही का?” तो म्हणाला, “मामा, मागणाऱ्यांचा त्रास होत नाही. न सांगणाऱ्यांचा होतो.”

त्याने सांगितलेल्या गोष्टी सर्वांच्या उपयोगाच्या आहेत. जहाज बंदर सोडते तेव्हा बहुतेक सगळा शिधा भरून निघते. मधेच एखादी वस्तू हवी झाली तर भर समुद्रात बाजार कोठला? म्हणून वेगळा जिन्नस लागणार असेल तर तिकीट काढतानाच कळवावे लागते. लांबच्या सफरींसाठी काही मोठ्या कंपन्या ४५ दिवस, तर काही वेळा ९० दिवस आधी कळवण्यास सांगतात. दुसरे असे की शेकडो माणसांची आमटी, रस्सा, सॉस आधीच मोठ्या भांड्यांत तयार होतात. त्यात पडलेले मीठ आयत्या वेळी काढता येत नाही. पण आदल्या रात्री सांगितले तर तेच जिन्नस बिनमिठाचे वेगळे शिजवता येतात. पुष्कळ जहाजांवर पथ्याच्या माणसाला उद्याच्या पदार्थांची यादी आदल्या रात्रीच दाखवतात. त्यातून निवड करून ठेवावी.

ज्यांना शेंगदाणा, कोळंबी, दूध, गहू अशा वस्तूंची ॲलर्जी आहे, त्यांनी बुफेपासून जपून राहावे. तेथे एका भांड्यातला डाव दुसऱ्या भांड्यात जातो. ‘थोडेसे चालेल’ ही भाषा ॲलर्जीला लागू नाही. शेंगदाण्याचा अंशही काहींच्या जिवावर बेततो. परदेशी जहाजावर शाकाहारी म्हटले तरी त्यात अंडे असू शकते, हेही विचारून घ्यावे.

घरून डबा नेऊ, खोलीत शेगडीवर काही करून घेऊ, असा विचार कोणी करील, तर तोही चालत नाही. आगीच्या भीतीने खोलीत शेगडी किंवा विजेची किटली वापरू देत नाहीत. बांधीव पाकिटातला कोरडा खाऊ बहुधा चालतो, पण नियम आधी वाचावा. औषधे मात्र हातातल्या पिशवीतच ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा खोलीत पोहोचायला काही तास लागतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते थंड ठेवण्याची सोय आधी विचारावी. खोलीतला फ्रिज प्रत्येक जहाजावर पुरेसा थंड असतोच असे नाही.

मी कारकून माणूस. माझ्या मते हा सरळ हिशेबाचा प्रश्न आहे. मुख्य भोजनगृहातले जेवण सहसा तिकिटाच्या पैशातच धरलेले असते. खास उपाहारगृहांचे पैसे वेगळे पडतात, ती गोष्ट निराळी. तेव्हा पथ्याचे ताट मागणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे. पण कचेरीत करतो तसेच येथेही करावे. मागणी लेखी द्यावी. पोच घ्यावी. एक प्रत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, खिशात ठेवावी. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी हेड वेटरला भेटून ती दाखवावी, कारण कचेरीत दिलेला कागद स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलाच असेल, असे धरून चालू नये. जेवणाची पाळीही गोळीच्या वेळेप्रमाणे मागून घ्यावी आणि वेळा बदलणार असतील तर डॉक्टरांना आधी विचारावे. मधुमेहाच्या माणसाने साखरेची पुडी जवळ बाळगावी, ती अडीअडचणीला कामी येते.

आणि बोलताना सौजन्य ठेवावे. वाढणारा मुलगाही आपल्यासारखाच, घरदार सोडून पोटासाठी आलेला कामगार असतो. पथ्याच्या नावाखाली रोज नवा हट्ट धरू नये आणि मागून घेतलेले ताट टाकू नये.

‘पानात पडेल ते गुपचूप खावे’ असे आपल्या आयांनी आपल्याला शिकवले. ज्या घरात पान भरणेच कठीण होते, तेथे ती शिकवण रास्त होती. पण तीच शिकवण साठीतल्या मधुमेही बाईने जहाजावर पाळली, तर तिचा जीव धोक्यात येतो. हेच रुग्णालयात, लग्नघरात आणि रेल्वेतही खरे आहे. रेल्वे मंडळाने तर २०२२ साली मधुमेहींसाठीचे पदार्थ खानपानाच्या यादीत घेण्याची मुभा दिली. सोय होत असते, पण तोंड उघडल्याशिवाय ती कोणाला दिसत नाही.

आता ताईच्या पर्समध्ये एक जाड कागद असतो. भाच्याने त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिले आहे: मधुमेह, मीठ कमी, जेवण वेळेवर. परवा एका लग्नात पंगत लांबली, तेव्हा तिने स्वतःहून यजमानीण बाईंना हाक मारली आणि म्हणाली, “मला गोळी घ्यायची आहे, आधी वाढता का?” बाईंनी लगेच दोन भाकऱ्या आणि भाजी आणून दिली. पंगतीत कोणालाही त्याचे काही वाटले नाही.